112 कागदांची मागची बाजू

प्रति,
सर्व गिर्यारोहण संस्थांच्या कार्यकारिणी आणि स्मरणिकांचे संपादक,

सप्रेम नमस्कार.

माझे बाबा गेले त्याला येत्या महिन्यात दीड वर्ष होईल. तुमच्यापैकी बरेच जण त्यांना ओळखत होते. काही जण त्यांच्याबरोबर एकाच दोरावर चढले, काहींनी आयुष्यातली पहिली गाठ त्यांच्याकडून शिकली. त्यांच्या स्मृतिसभेला खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून दोन-दोन तास उभे राहिले. ते आम्ही विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. त्या प्रेमाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या सभेत वाचलं गेलेलं एक वाक्य आणि स्मरणिकेत छापलेली एक यादी, या दोन गोष्टींबद्दल मला बोलायचं आहे. ती सभा कोणत्या संस्थेने घेतली हे मी सांगणार नाही. तशीच वाक्यं आणि तशाच याद्या मी नंतर इतरही स्मरणिकांमध्ये वाचल्या, त्यामुळे हे पत्र सगळ्यांनाच आहे.

वाक्य असं होतं : 'घरदार विसरून डोंगरात रमलेला माणूस.'

ते कौतुकानेच म्हटलं होतं, टाळ्याही पडल्या. मी आईच्या शेजारी बसले होते. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. काही बोलली नाही. घरी पोहोचल्यावर चप्पल काढता काढता तिने एवढंच विचारलं, "ह्यांनी? घरदार विसरून?" आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पत्र्याचा एक डबा होता.

तो डबा आम्ही दोघं भावंडं पहिल्यांदाच बघत होतो. त्यातले कागद मात्र आमच्या चांगल्याच ओळखीचे होते. बाबा कुठेही डोंगरावर निघाले, मग ती एका दिवसाची चढाई असो की दीड महिन्याची मोहीम, की टेलिफोनखाली एक कागद ठेवून जायचे. वहीतलं अर्धं पान. वर तारीख. खाली कुठे चाललो, कोणत्या वाटेने, सोबत कोण, परतायची वेळ काय. त्याखाली रेघ मारून : 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर या दोन नंबरांवर कळवणे.' आणि सगळ्यात शेवटी घरासाठी एक ओळ. ही ओळ दर वेळी वेगळी. 'धाकट्याचा दात हलतोय, पडला तर जपून ठेवणे, मला बघायचा आहे.' 'मागच्या दाराची कडी सैल आहे, आल्यावर बसवतो, तोवर खुर्ची लावणे.' 'गणिताच्या पेपरला जाताना घाई करू नकोस, येत नाही ते शेवटी सोडव.' ही ओळ माझ्यासाठी होती, सातवीतली. मी ती विसरूनही गेले होते.

आम्हाला वाटायचं, बाबा आले की कागद फेकून दिला जातो. आईने एकही फेकलेला नव्हता. आम्ही जमिनीवर बसून मोजले. 112 भरले.

आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलेलं होतं. ते आम्हाला माहीतच नव्हतं. परत आल्यावर, बहुधा बूट काढायच्याही आधी, बाबा तो कागद उलटून एक-दोन ओळी लिहायचे. 'माथा झाला. सगळे ठीक. 5.40ला घरात.' 'परत फिरलो. दुपारी 1.20. ढग खाली उतरले.' 'परत फिरलो. सोबत्याचं डोकं दुखत होतं, उलटी झाली, थांबलो नाही.' 'परत फिरलो. कारण सांगता येत नाही. बरं वाटलं नाही.'

'परत फिरलो' असं लिहिलेले कागद 41 निघाले.

स्मरणिकेतल्या यादीत बाबांची 19 शिखरं आहेत, उंचीसकट, सालासकट. यादी बरोबर आहे, एकही चूक नाही. पण ज्या 41 वेळा ते माथा न करता घरी आले, त्यातली एकही वेळ तिथे नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम त्या 41 कागदांवर आहे. अवघड कसं, ते मी त्यातल्या एकाच्या वेळी तिथे असल्यामुळे सांगू शकते.

मी तेव्हा चौदा वर्षांची. बाबांनी मला पहिल्यांदाच मोठ्या चढाईला नेलं होतं. आम्ही पाच जण. पहाटे अंधारात निघालो. परत फिरायची वेळ बाबांनी आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगितलेली : दुपारी एक. एक वाजला तेव्हा माथा समोर दिसत होता. दिसत होता म्हणजे वरचा दगडांचा ढीगही वेगळा ओळखू येत होता. फार तर अर्धा-पाऊण तास. हवा स्वच्छ होती. बाकीचे तिघे म्हणाले, जाऊन येऊ की. बाबांनी घड्याळ बघितलं, पाठीवरची सॅक उतरवली आणि खाली बसले. मला वाटलं, विश्रांतीला बसले. ते माझ्या बुटाची नाडी सोडायला लागले.

उतरताना नाडी घोट्याशी आवळून बांधावी लागते. नाहीतर प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि दोन तासांत नखं काळी पडतात. चढताना ती थोडी सैल चालते. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला फक्त एवढं कळलं की बाबा माझे बूट उतरण्यासाठी बांधतायत, म्हणजे संपलं. मला रडूच फुटलं. मी भांडले. पहाटेपासून चढून आलो ते कशासाठी, असं काहीबाही बोलले. त्यांनी एक बूट बांधला, दुसरा बांधला, दोन्ही गाठी अंगठ्याने दाबून बघितल्या आणि म्हणाले, "तुझ्या आईला सहा वाजता फोन करायचाय."

बस. यापुढे काही नाही. निसर्गावर व्याख्यान नाही, मला समजावणं नाही. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलले नाही. सहाला दहा कमी असताना आम्ही फोनपाशी होतो.

त्या कागदाची मागची बाजू आता माझ्याकडे आहे. 'परत फिरलो. 1.00. पोरगी रडली. छान चढते.'

तुम्ही सगळे डोंगरातले आहात, तुम्हाला हे मी सांगायला नको. चढणाऱ्याच्या अंगातलं बळ आणि दिवसाचा उजेड माथ्यावर संपवून चालत नाही, माथा म्हणजे अर्धीच वाट असते. दमलेले पाय, सैल झालेलं लक्ष आणि 'झालं एकदाचं' हा सुटकेचा श्वास, हे सगळं उतरताना एकत्र येतं. 8,000 मीटरच्या वर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उरतो. तिथे डोकंही तेवढंच चालतं, आणि परत फिरायचा निर्णय त्याच डोक्याने घ्यायचा असतो. म्हणून तो आधी, खाली असताना, शांतपणे घेऊन ठेवायचा असतो. मे 1996मध्ये एव्हरेस्टवर दोन दिवसांत आठ माणसं मरण पावली. ठरलेली वेळ उलटल्यावरही काही जण त्या दिवशी वर चढत राहिले होते. त्याच महिन्यात, त्याच्या आठवडाभर आधी, योरान क्रोप नावाचा स्वीडिश गिर्यारोहक शिखरापासून जेमतेम शंभर मीटरवरून खाली आला होता. स्वीडनहून सायकलवर सामान लादून तो हिमालयापर्यंत आला होता. एवढं करून शंभर मीटर राहिले तेव्हा उशीर झाला म्हणून फिरला. तीन आठवड्यांनी पुन्हा गेला आणि पोहोचला. बाबा ही गोष्ट नव्या मुलांना सांगायचे. पण तो पोहोचला तो भाग ते शेवटी, घाईघाईने उरकायचे. त्यांना आधीचा भाग सांगायचा असायचा.

ब्रिटिश ध्रुवशोधक शॅकल्टनही त्यांचा लाडका. 9 जानेवारी 1909 रोजी तो आणि त्याचे तीन सोबती दक्षिण ध्रुवापासून सुमारे 180 किलोमीटरवर होते. तोवर एवढ्या दक्षिणेला कोणीच गेलं नव्हतं. ध्रुव गाठता आला असता, पण परतीला शिधा पुरला नसता. तो फिरला, आणि चौघंही जिवंत परतले. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला होता की मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत गाढव बरं, नाही का? बाबा हे वाक्य घरात फार वापरायचे. कुठूनही माथा न करता आले की दारातूनच ओरडायचे, "गाढव आलं गं!" आणि आई आतून म्हणायची, "हातपाय धुऊन घे, गाढवा." एरवी त्यांना 'अहो' म्हणणारी आई तेवढ्या एका वेळी एकेरीवर यायची. ही आमच्या घरातली सर्वांत आनंदाची घटका. ती स्मरणिकेत कशी येणार? कोणी आम्हाला विचारलंच नाही.

इथे मला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही तुमच्यासारखीच एक गुळगुळीत यादी करून बसेन. 112पैकी एका कागदावर मागे लिहिलंय : 'वेळ चुकली. चूक माझी. ती आठ वाजून पाच मिनिटांनी फोन करून बसली होती.' त्या रात्री मी नऊ वर्षांची होते आणि मला ते सगळं आठवतं. कागदावर आठ वाजेपर्यंतची मुदत होती. साडेसातपासून आई टेलिफोनशेजारी उभी होती. आठ वाजले. तिने घड्याळाकडे बघत पाच मिनिटं जाऊ दिली आणि पहिला नंबर फिरवला. आवाज अगदी सरळ, जणू दुधाचा निरोप देतेय. बचावाला निघालेली माणसं निम्म्या वाटेत असताना, साडेनऊच्या सुमाराला, बाबा सुखरूप खाली आले. झालं काहीच नव्हतं. वाट चुकली होती, आणि वेळीच फिरायच्या ऐवजी ते ती शोधत बसले होते. आई दोन दिवस बोलली नाही. पुढच्या रविवारी बाबा त्या रात्री अंथरुणातून उठून आलेल्या सहाच्या सहा जणांच्या घरी गेले आणि माफी मागून आले. मला सोबत नेलं होतं. मोठा माणूस हात जोडून 'माझं चुकलं' म्हणतो हे मी त्या दिवशी सहा वेळा बघितलं.

मोठ्या मोहिमांच्या काळात आईने एकटीने घर ओढलं तेही खरंच. एकदा आम्हा दोघांना एकदम गोवर आला आणि बाबा तेव्हा सहा आठवडे आवाक्याबाहेर. भावाच्या शाळेतल्या पहिल्या दिवशी ते नव्हते. या गोष्टी त्यांना शेवटपर्यंत खुपायच्या. आईला विचाराल तर ती म्हणेल, मला राग यायचा, आणि मी तो त्यांना सांगायचे.

आणि आता, तिच्या परवानगीने, एक गोष्ट सांगते. संस्थेच्या जुन्या इतिवृत्तांत तीन मोठ्या मोहिमांच्या वेळी बाबांच्या नावापुढे 'नोकरीतील अडचणीमुळे अनुपलब्ध' असं आहे. नोकरीत कसलीही अडचण नव्हती. आई नको म्हणाली होती. त्यांचं ठरलेलं होतं : मोठ्या मोहिमेला दोघांचा होकार हवा, आणि एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. तीनदा तिने नाही म्हटलं, तीनदा ते थांबले. तिच्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून नोकरीचं निमित्त पुढे केलं आणि आयुष्यभर तेच सांगितलं. त्यातल्या एका मोहिमेची तर त्यांनी दहा वर्षं वाट बघितली होती. आई परवा म्हणाली, "लिही आता. त्यांना भित्रा म्हणाले असतील तेव्हा काही जण. कळू दे, मी थांबवलं होतं आणि ते थांबले होते."

'घरदार विसरून' या शब्दांवर तिने चष्मा का पुसला, ते आता तुमच्या लक्षात येईल.

साहसी माणसाला घर नसतं, असलं तरी त्याला ते बांधून ठेवत असतं, ही समजूत कुठून आली मला माहीत नाही. एव्हरेस्टच्या शिखरावरचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो तेनझिंग नोर्गेंचा आहे, 29 मे 1953चा, हातात झेंडे लावलेली कुऱ्हाड. तो फोटो आपण सगळ्यांनी लहानपणी पुस्तकात पाहिला. त्याच वेळी त्यांनी तिथल्या बर्फात काय पुरलं, ते फार थोड्यांना सांगितलं जातं. थोडा गोड खाऊ आणि पेन्सिलीचा एक तुकडा. ती पेन्सिल त्यांची धाकटी मुलगी निमा हिने दिली होती. जगातल्या सर्वांत उंच जागी पोहोचलेल्या माणसाच्या खिशात लेकीची पेन्सिल होती. ही एव्हरेस्टवरची त्यांची सातवी मोहीम. 1935पासून सहा वेळा ते त्या डोंगरावरून शिखर न गाठता परत आले होते. 1952मध्ये स्विस गिर्यारोहक रेमंड लँबेअरबरोबर तर सुमारे 8,600 मीटरपर्यंत जाऊन, अडीचशे मीटर शिल्लक असताना फिरले. त्या दिवशी हट्ट केला असता तर 1953 आलंच नसतं, आणि निमाला बाप उरला नसता.

दक्षिण ध्रुवावर निघालेल्या ब्रिटिश रॉबर्ट स्कॉटचं उलट झालं. तो 17 जानेवारी 1912 रोजी ध्रुवावर पोहोचला आणि मार्चअखेर परतीच्या वाटेवर तंबूतच मरण पावला. मरणाच्या दारात त्याने बायकोला पत्र लिहिलं ते 'माझ्या विधवेस' असा मायना घालून. त्यात अडीच वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं की जमलं तर त्याला निसर्गाची गोडी लाव. तो मुलगा, पीटर, पुढे पक्ष्यांचा अभ्यासक झाला. 1946मध्ये त्याने इंग्लंडात स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली, 1961मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांत तो होता. आई-मुलाने ती एक ओळ आयुष्यभर पाळली. मी हे वाचते तेव्हा मला ध्रुव दिसत नाही. बोटं गोठत असताना, दिवा विझत आलेला असताना, पोराचं काय होईल याचा विचार करून पेन्सिल धरणारा बाप दिसतो. आणि लगेच वाटतं, माझ्या बाबांची अशी ओळ तर दर वेळी टेलिफोनखाली असायची, आणि ते स्वतः परत येऊन तिचं काय झालं ते विचारायचे. दात पडला का? पेपर कसा गेला?

दाताचं सांगायचं राहिलं. तो त्याच डब्यात आहे, कागदाच्या पुडीत, वर भावाचं नाव आणि तारीख.

बाबा डोंगरात गेले नाहीत. स्वादुपिंडाचा आजार निघाला आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. अडुसष्ट वर्षांचे होते. तुमच्यातले जे भेटायला यायचे त्यांच्याशी ते हवापाण्याचं बोलायचे. आम्हाला मात्र एके दुपारी जवळ बोलावून म्हणाले, "माळ्यावर चार दोर आहेत. एकही कोणाला देऊ नका. कापून टाका." आम्हाला वाटलं, गुंगीत बोलतायत. नव्हते. दोर बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. आतला गाभा वयाने, उन्हाने, घसटीने कमजोर झालेला असतो आणि तो दिसत नाही. न वापरलेला दोरसुद्धा बनवणारे फार तर दहा वर्षं धरतात. बाबांनी प्रत्येक दोराच्या टोकाला चिकटपट्टी लावून साल लिहिलेलं होतं : 2006, 2008, 2009, 2011. त्यांना भीती होती की ते गेल्यावर कोणीतरी आठवण म्हणून एक मागून नेईल, आणि आठवण म्हणून त्यावर चढेल.

त्या संध्याकाळी भावाने आणि मी मिळून ते दोर कापले. हातभर लांबीचे तुकडे, की त्यांचं कोणाला काही करताच येऊ नये. कात्री चालेना, शेवटी करवतीच्या पात्याने कापले. प्रत्येक तुकड्याच्या तोंडातून पांढरे तंतू फुलासारखे बाहेर पडत होते. बाबांनी पडल्या पडल्या विचारलं, "किती झाले?" आम्ही म्हटलं, चारही. मग ते झोपले.

तर आता मागणं. मला तुमच्याकडून ठराव नको, दिलगिरी नको, स्मरणिकेची नवी आवृत्तीही नको.

पुढच्या वेळी कोणाची यादी छापाल तेव्हा तो जिथून परत फिरला त्या जागाही छापा. कारणासकट. ढग, उशीर, सोबत्याचं दुखणं, बायकोचा नकार, काहीही. ज्यांच्याकडे नोंदी नसतील त्यांच्या सोबत्यांना विचारा, त्यांना आठवतं. मी विचारलं तेव्हा बाबांच्या एका जुन्या मित्राने तीस वर्षांपूर्वीची एक दुपार मिनिटामिनिटाने सांगितली. बाबांनी त्याला ओढून खाली आणलं म्हणून त्याने तेव्हा वर्षभर अबोला धरला होता. सांगताना त्याचा आवाज कापत होता.

सभेत घरच्यांना बोलू द्या. हार स्वीकारायला पुढे बोलावता तसं नाही, तर चांगली दहा मिनिटं देऊन, आणि आधी विचारून. आईला व्यासपीठावर बसवलं होतं, पण माईक दिला नव्हता.

ज्यांचा माणूस डोंगरातच राहिला, त्यांच्या घरी जाल तेव्हा 'आवडतं ते करताना गेला' हे म्हणू नका. मला अशा दोन घरच्या मुली माहीत आहेत. दोघीही हेच म्हणतात की आम्हीही त्याला आवडत होतो. त्याच्या सामानातली डायरी, पत्रं, पाकिटातले फोटो आधी घरी पोहोचू द्या, प्रदर्शनाचं नंतर बघा. आणि वर्षभराने पुन्हा जा, तेव्हा कोणी येत नाही.

शेवटचं मागणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून मागे ठेवलं. नव्या मुलामुलींच्या शिबिरात पहिल्या दिवशी तुम्ही आठाची गाठ शिकवता. चांगलंच आहे, मीही तीच पहिली शिकले, खुर्चीच्या पायाला बुटाची नाडी बांधून. पण त्या गाठीच्याही आधी त्यांच्या हातात अर्धा कोरा कागद द्या. कुठे, कोणत्या वाटेने, कोणासोबत, कधी परत, कोणाला कळवायचं. आणि शेवटी घरासाठी एक ओळ लिहायला सांगा. मुलं हसतील. काहींना काय लिहावं सुचणार नाही. त्यांना वेळ द्या. जो ती ओळ लिहील त्याला फिरायच्या वेळी ती आठवेल. बाबांना आठवायची, त्यांनी मला तसं सांगितलेलं आहे.

आमच्या घरी तो टेलिफोन आता नाही, पण ती जागा आहे. मागच्या आठवड्यात भावाच्या मुलीला, ती आठ वर्षांची आहे, शेजारच्या इमारतीत मैत्रिणीकडे खेळायला जायचं होतं. ती गेल्यावर आईला तिथे अर्धं पान दिसलं. तारीख. कुठे : तिसरा मजला. वाट : जिन्याने. परत : 6. त्याखाली रेघ आणि, 'नाही आले तर आजीने हाक मारणे. माझ्या रंगपेटीला कोणी हात लावू नये.'

पावणेसहाला ती आली. कागद उलटा केला, पेन्सिल शोधली, आणि लिहिलं : 'आले.'

आपली,
त्यांची मुलगी